हरभऱ्याचे झाड

एखाद्याची अवाजवी स्तुती करण्याला आपल्या मराठीत 'हरभऱ्याच्या झाडावर चढवणे' असे म्हणतात. शेतीच्या अनुभवातून आलेला हा वाक्प्रचार मोठा मार्मिक आहे. हरभऱ्याला झाड म्हणावे असे मुळात काहीच नसते. ते जेमतेम गुडघ्याएवढे रोप. त्यावर कोणी चढू शकत नाही, आणि चढण्याचा प्रयत्न केलाच तर माणूस आपटतो व रोपही मोडते. मात्र या वाक्प्रचारात एक माणूस पडद्याआड राहून जातो. तो म्हणजे चढवणारा. पडणाऱ्याला आपण हसतो, मोडलेल्या रोपाबद्दल हळहळतो. पण चढवणाऱ्याकडे कोणी बोट दाखवत नाही. तो तर पडणाऱ्याला हसणाऱ्यांच्या गर्दीत सर्वांत पुढे उभा असतो. प्रस्तुत लेखात या तिसऱ्या माणसाचा थोडा विचार करावयाचा आहे.

विचाराला निमित्त झाले ते एका खेळाचे. बिबवेवाडी परिसरातील आपल्या ख्रिस्ती कुटुंबांतील अनेक युवक मोबाइलवर 'फँटसी फुटबॉल' खेळतात. ज्येष्ठ वाचकांसाठी त्याचे स्वरूप थोडक्यात सांगितले पाहिजे. हा खेळ मैदानावर खेळला जात नाही. इंग्लंडमधील प्रीमियर लीग या स्पर्धेतील खऱ्या खेळाडूंमधून प्रत्येकाने पंधरा जणांचा आपला काल्पनिक संघ निवडायचा. त्यासाठी दहा कोटी पौंडांची काल्पनिक थैली दिलेली असते आणि प्रत्येक खेळाडूवर भावाची चिठ्ठी लावलेली असते. एका क्लबचे तिघांहून अधिक खेळाडू घेता येत नाहीत. प्रत्यक्ष सामन्यात त्या खेळाडूंनी गोल केले, गोल करण्यास साहाय्य केले, किंवा आपल्या संघावर गोल होऊ दिला नाही, तर निवडणाऱ्याच्या खात्यात गुण जमा होतात. ज्याला आपण कर्णधार नेमू त्याचे गुण दुप्पट धरले जातात. जगभर एक कोटीहून अधिक लोक हा खेळ खेळतात. त्यात पैसे लावावे लागत नाहीत, आणि खेळ म्हणून पाहिल्यास त्यात अभ्यास आहे, आकडेमोड आहे, मित्रांशी चढाओढ आहे. केवळ करमणूक म्हणून त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही.

परंतु या खेळाचा एक नियम मला फार बोलका वाटतो. मोसम चालू असताना खेळाडूंचे भाव चढतात आणि उतरतात. ते कशावरून? गोलांच्या संख्येवरून नव्हे. ज्याला अधिकाधिक लोक आपल्या संघात घेतात त्याचा भाव चढतो. ज्याला लोक सोडून देतात त्याचा उतरतो. गोल केल्यामुळे लोक त्याला घेतात हे खरे, पण भाव ठरतो तो घेण्यावरून, खेळण्यावरून नव्हे. एखाद्याने एका शनिवारी दोन गोल केले की त्याचे नाव सर्वांच्या तोंडी होते. पुढच्या आठवड्यात लक्षावधी लोक त्याला विकत घेतात. ज्यांनी त्याचा खेळ पाहिलेलाही नसतो तेही घेतात, कारण सर्वांनी घेतला आणि आपण मागे राहिलो ही भीती. मग तो दोन-तीन सामने गोलाविना जातो, आणि तेच लक्षावधी लोक त्याला टाकून देतात.

फ्रेंच कॅथलिक विचारवंत रने जिरार (१९२३ ते २०१५) यांनी आपले आयुष्य माणसाच्या या एकाच प्रवृत्तीच्या अभ्यासात घालवले. त्यांचे प्रतिपादन असे, की आपण एखादी गोष्ट इच्छितो ती बहुधा तिच्या अंगच्या गुणांमुळे नव्हे, तर दुसरा कोणी ती इच्छितो म्हणून. इच्छा ही संसर्गजन्य असते. आणि जिरार यांनी पुढे दाखवून दिले, की जो समूह एकमेकांकडे पाहून एखाद्याला उचलून धरतो, तोच समूह एकमेकांकडे पाहून त्याला दोषी ठरवतो. ज्या यरुशलेम नगरात झावळ्यांच्या रविवारी जयघोष झाला, त्याच नगरात पाच दिवसांनी 'वधस्तंभावर खिळा' अशी आरोळी उठली, हे आपण दरवर्षी मिस्सेत ऐकतो. ऐकताना आपण स्वतःला त्या गर्दीबाहेर उभे समजतो. मोबाइलच्या पडद्यावरचा तो चढता-उतरता भाव आपल्याला शांतपणे सांगत असतो, की आपण बाहेर नाही.

आमच्या युवकांपैकी एक जण मागे बोलण्याच्या ओघात एका नामांकित खेळाडूविषयी मला म्हणाला, "फादर, त्यानं मला पार बुडवलं." मी विचारले, "त्यानं तुला काही वचन दिलं होतं का?" तो हसला, आणि विषय तेथेच थांबला. पण त्या वाक्याने माझ्या मनात घर केले. बुडवतो कोण? ज्याने कर्ज घेतले तो. येथे तर त्या खेळाडूला या मुलाचे अस्तित्वही ठाऊक नव्हते. त्याने काही मागितले नव्हते, कसला शब्द दिला नव्हता. अपेक्षा आपण धरली, तिचा भाव आपण ठरवला, आणि ती पुरी झाली नाही तेव्हा ऋणको मात्र तो ठरला! अवाजवी स्तुतीतील खरा नैतिक दोष मला येथे दिसतो. वरकरणी ती दानासारखी भासते, पण असते ती उसनवारी. आणि तीही अशी, की घेणाऱ्याला न विचारता त्याच्या नावे लिहून ठेवलेली.

बिबवेवाडीच्या पायथ्याशी गुलटेकडीचे मार्केट यार्ड आहे. तेथे रोज शेतमालाचा भाव पुकारला जातो. घेणारा व्यापारी माल हातात घेऊन पाहतो, दाबून पाहतो, वास घेतो, आणि मग बोली लावतो. आज चढलेला भाव उद्या असा कोसळतो की शेतकऱ्याला गाडीभाडेही सुटत नाही. शेतकऱ्याचे काळीज त्यामुळे तुटते. पण टोमॅटोला त्याचे काही नसते. भाव वाढला म्हणून तो फुगत नाही, पडला म्हणून रात्रभर तळमळत नाही. माणसाचे तसे नाही. माणसावर लावलेली चिठ्ठी माणूस वाचतो. तो ती खरी मानतो. भाव चढला की आपण तेवढे मोठे झालो असे त्याला वाटते, आणि उतरला की आपण तेवढे उरलो नाही असेही वाटते. जर्मन तत्त्ववेत्ता इमॅन्युएल कांट याने १७८५ मध्ये किंमत आणि प्रतिष्ठा यांत जो भेद केला तो येथे आठवतो. ज्याला किंमत असते त्याच्या जागी तेवढ्याच किमतीची दुसरी वस्तू चालते. ज्याच्या जागी दुसरे काहीच चालत नाही त्याला प्रतिष्ठा असते. माणूस या दुसऱ्या वर्गातला आहे. ख्रिस्ती श्रद्धा हेच अधिक खोलवर जाऊन सांगते: तो देवाच्या प्रतिरूपात घडवलेला आहे.

माणसांच्या खऱ्या लिलावाची उदाहरणे आपल्या शहराजवळच आहेत. २०१७ च्या आयपीएल क्रिकेट स्पर्धेत पुण्याच्या संघाने इंग्लंडच्या बेन स्टोक्सला साडेचौदा कोटी रुपयांना घेतले. त्याच लिलावात त्याच संघाने महाराष्ट्राकडून खेळणाऱ्या राहुल त्रिपाठीला दहा लाख रुपयांना घेतले. एकाच्या भावात दुसऱ्यासारखे एकशे पंचेचाळीस खेळाडू आले असते. स्टोक्स वाईट खेळला असे मुळीच नाही. गहुंजेच्या मैदानावर त्याने शतक झळकावले आणि गोलंदाजीतही आपला वाटा उचलला. परंतु त्या मोसमात त्रिपाठीने ३९१ धावा केल्या, आणि त्या स्टोक्सच्या धावांहून अधिक होत्या. पुण्याचा संघ अंतिम सामन्यात पोहोचला आणि मुंबईकडून अवघ्या एका धावेने हरला. लिलावाच्या दिवशी मात्र त्रिपाठीच्या नावाची फारशी वाच्यता कोणी केली नव्हती. अवाजवी गाजावाजाचा हा दुसरा अन्याय होय. आपली थैली मर्यादित असते. तशीच आपली नजरही मर्यादित असते. एकावर ती सारी उधळली की दुसऱ्याकडे पाहायला ती उरत नाही.

भाव आणि माणूस यांचा संबंध किती सैल असतो, याचे आणखी एक उदाहरण पाहा. ऑस्ट्रेलियाच्या ग्लेन मॅक्सवेलला २०२० च्या मोसमासाठी पंजाबच्या संघाने पावणेअकरा कोटी रुपये मोजले. तेरा सामन्यांत त्याने १०८ धावा केल्या. षटकारांसाठी प्रसिद्ध असलेल्या त्या फलंदाजाने संपूर्ण मोसमात एकही षटकार मारला नाही. त्याची यथेच्छ टवाळी झाली. पुढच्या वर्षी बंगळुरूच्या संघाने त्याला सव्वाचौदा कोटींना घेतले आणि त्याने ५१३ धावा केल्या. माणूस तोच. टवाळी करणाऱ्यांनी आपले शब्द परत घेतल्याचे ऐकिवात नाही. त्यांनी ते फक्त दुसऱ्या कोणाकडे वळवले.

हे सारे प्रौढ, कमावते, सल्लागारांनी वेढलेले खेळाडू. त्यांच्या बाबतीत एक वेळ दुर्लक्ष करू. पण कल्याणच्या प्रणव धनावडेचे काय? जानेवारी २०१६ मध्ये पंधरा वर्षांच्या या शाळकरी मुलाने भंडारी चषकाच्या आंतरशालेय सामन्यात नाबाद १००९ धावा केल्या. १८९९ मध्ये इंग्लंडमधील ए. ई. जे. कॉलिन्स या विद्यार्थ्याने केलेला नाबाद ६२८ धावांचा विक्रम त्याने मोडला. दोन दिवसांत त्याचे नाव जगभर गेले. रिक्षाचालक पित्याच्या घरी वार्ताहरांची रीघ लागली. मुंबई क्रिकेट संघटनेने त्याला दरमहा दहा हजार रुपयांची शिष्यवृत्ती दिली. देशाला नवा तारा मिळाला असे आपण सर्वांनी परस्पर ठरवून टाकले. त्यानंतर त्याच्या धावा आटल्या, निवडी हुकल्या; आणि २०१७ मध्ये त्याच्या वडिलांनी, मुलाची कामगिरी अपेक्षेप्रमाणे होत नाही असे कळवून, शिष्यवृत्ती थांबवावी अशी स्वतः विनंती केली.

त्या पित्याच्या स्वाभिमानापुढे मस्तक लवते. रिक्षा चालवून संसार करणाऱ्या घरात दहा हजार रुपये ही काही लहान रक्कम नव्हे. परंतु विचार करण्यासारखी गोष्ट अशी, की सबंध प्रकरणात आपण ऋणी आहोत असे वाटले ते केवळ त्या कुटुंबाला. ज्यांनी त्या मुलाच्या नावे अपेक्षांचा डोंगर रचला त्यांच्यापैकी कोणालाच काही परत करावेसे वाटले नाही. एका मुलाने एका सामन्यात अद्भुत फलंदाजी केली होती. ते सत्य होते, आणि आजही आहे. त्याने 'मी भारताकडून खेळेन' असा शब्द आपणापैकी कोणालाही दिला नव्हता.

येथे एक आक्षेप निश्चितच घेतला जाईल, आणि तो रास्त आहे. मग कोणाचे कौतुक करूच नये काय? पुराव्याच्या पुढे जाऊन माणसावर विश्वास टाकणे हाच तर प्रेमाचा धर्म आहे. आई आपल्या मुलाविषयी जे बोलते ते मोजूनमापून बोलते काय? शिक्षकाने 'तुला जमेल' असे म्हटले नसते तर आपल्यापैकी कितीजण पुढे आले असते?

आक्षेप मान्य. संत थॉमस अक्वायनस यांनी खुशामतीच्या दोषाचा विचार करताना हे स्पष्ट केले आहे, की स्तुती ही स्वतः पाप नव्हे. दुःखात असलेल्याला धीर देण्यासाठी किंवा चांगल्या मार्गावर पुढे नेण्यासाठी केलेली स्तुती मैत्रीच्या सद्गुणातच मोडते. तेव्हा पुराव्याच्या पुढे जाणे हा दोष नाही. प्रेमही पुराव्याच्या पुढे जाते आणि गाजावाजाही जातो. दोघांची पहिली वाक्ये ऐकली तर फरक कळणारही नाही. फरक कळतो तो माणूस चुकल्यावर.

शुभवर्तमानात याची दोन उत्तम उदाहरणे आहेत. यार्देन नदीत प्रभू येशूचा बाप्तिस्मा झाला तेव्हा पित्याने त्याला आपला प्रिय पुत्र म्हणून घोषित केले. संत मार्कच्या शुभवर्तमानात तोवर येशूने एकही चमत्कार केलेला नाही, एकही प्रवचन दिलेले नाही. प्रीती कामगिरीच्या आधी आली. ती कामगिरीवर अवलंबून नव्हती. दुसरे उदाहरण शिमोनाचे. संत योहान सांगतो त्याप्रमाणे पहिल्याच भेटीत प्रभूने या कोळ्याला 'केफा' म्हणजे खडक असे नाव दिले. त्या क्षणी त्याच्यात खडकासारखे काय होते? पुढे तर त्याने एका दासीसमोर आपल्या गुरूला नाकारले. एका रात्रीत तीनदा. बाजाराच्या हिशेबाने ही निवड साफ चुकलेली होती. गर्दी असती तर तिने त्याच रात्री त्याला संघाबाहेर काढले असते. प्रभूने पुनरुत्थानानंतर सरोवराच्या काठी त्याच्याशी काय बोलणे केले? त्याने हिशेब मागितला नाही. प्रीती करतोस का, एवढेच तीनदा विचारले, आणि कळप पुन्हा त्याच्याच स्वाधीन केला. दिलेले नाव त्याने परत घेतले नाही.

तेव्हा कसोटी अशी म्हणता येईल: ज्या स्तुतीत समोरचा अपयशी होण्याची मोकळीक गृहीत धरलेली आहे ती आशा होय, जिच्यात ती मोकळीक नाही ती मागणी होय. आशा म्हणते, 'तुझ्यात हे आहे असे मला वाटते, आणि नसले तरी मी येथेच आहे.' गाजावाजा म्हणतो, 'तू हा आहेस असे मी सर्वांना सांगितले आहे. आता मला खोटा पाडू नकोस.' पहिल्या वाक्यात समोरचा माणूस केंद्रस्थानी आहे. दुसऱ्यात बोलणारा.

आपल्या घरांकडे वळू या, कारण हा प्रश्न केवळ खेळाडूंचा नाही. दहावी-बारावीचा निकाल लागला की पुण्याच्या चौकाचौकांत खासगी शिकवण्यांचे फलक झळकतात. मुलांची छायाचित्रे, खाली टक्केवारी. पाहुण्यांसमोर आपण सहज म्हणून जातो, "आमचा हा डॉक्टरच होणार." मुलगा शेजारच्या खोलीत ते ऐकत असतो. त्याच्यावरही भावाची एक चिठ्ठी चिकटते, आणि ती त्याच्या आई-वडिलांच्या हस्ताक्षरात असते. ज्या भावंडावर अशी चिठ्ठी लागत नाही, ते दहा लाखांच्या यादीत आपले नाव शोधत राहते. आपल्या धर्मग्रामातही हे घडते. सुंदर गाणाऱ्या एका मुलीला आपण प्रत्येक सणाला पुढे करतो, तिचा आवाज फुटेपर्यंत. आणि दर रविवारी मिस्सेनंतर मुकाट्याने बाके सरळ करणाऱ्या मुलाचे नाव आपल्याला आठवत नाही. कॅथलिक ख्रिस्तसभेची धर्मशिकवण शरीरसौष्ठव व क्रीडायश यांच्या मूर्तिपूजेविषयी इशारा देते, तो याच कारणासाठी: दुबळ्यांना मागे सारून बलवानांची निवड करण्याची सवय लागली की माणसामाणसांतील नातीच विकृत होतात. २०१८ मध्ये रोमहून प्रसिद्ध झालेल्या खेळविषयक दस्तऐवजात तर खेळाडूंबरोबर प्रेक्षकांच्या जबाबदारीचाही विचार केलेला आहे. चढवणाऱ्याला तेथे मोकळे सोडलेले नाही.

पैशाचा मुद्दाही टाळता येणार नाही. आपल्याकडे हा काल्पनिक संघ निवडण्याचा प्रकार मुख्यतः क्रिकेटमधून पसरला. २००८ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या ड्रीम इलेव्हनसारख्या कंपन्यांनी त्यात प्रवेशशुल्क आणि बक्षिसे आणली. २०२० मध्ये ती कंपनी आयपीएलची मुख्य प्रायोजक होती, आणि २०२३ पासून भारतीय संघाच्या अंगावरील सदऱ्यावर तिचे नाव होते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांना मनाई करणारा कायदा संमत केला, आणि त्या कंपनीने पैशांच्या स्पर्धा थांबवल्या. धर्मशिकवणीनुसार पैजेचा खेळ मुळातच अन्याय्य ठरत नाही. पण स्वतःच्या किंवा कुटुंबाच्या गरजेचा पैसा त्यात जाऊ लागला, किंवा त्याचे व्यसन जडले, की तो नीतीला धरून राहत नाही. कायद्याने थैली बंद केली हे बरे झाले. परंतु माणसावर बोली लावण्याची सवय कायद्याने जात नाही. पैसा गेला तरी 'त्यानं मला बुडवलं' हे वाक्य शिल्लक राहतेच.

मग करावे काय? युवकांनी खेळ सोडावा असे मी म्हणणार नाही. संघ निवडावा, हरावे, जिंकावे. फक्त दोन गोष्टी पाळाव्यात. ज्याला निवडले त्याचा खेळ आधी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा; मार्केट यार्डातला व्यापारीसुद्धा टोमॅटोला तेवढा मान देतो. आणि तो अपयशी झाला तर 'माझा अंदाज चुकला' असे म्हणावे. 'तो फसवा निघाला' असे म्हणू नये. ही केवळ भाषेची शुद्धी नव्हे. अपेक्षेचे ओझे ज्याचे त्याच्या खांद्यावर परत ठेवणे होय, म्हणजेच न्याय. पालकांनी आपल्या मुलांविषयी बोलताना भविष्यकाळाचा वापर जरा जपून करावा आणि वर्तमानकाळाचा अधिक. 'तो होणार' याऐवजी 'तो आहे'.

जगाने एकदा प्रभू येशूचाही भाव ठरवला होता. तीस रौप्य नाणी. निर्गमाच्या पुस्तकात बैलाने हुंदडून मारलेल्या दासाची भरपाई म्हणून तेवढीच रक्कम नेमून दिलेली आहे. तोच प्रभू आपल्या प्रत्येकासाठी किती मोल देऊन गेला, हे संत पौल करिंथकरांना बजावून सांगतो. वधस्तंभाखाली उभे राहिल्यावर एवढे तरी आपल्याला उमगावे, की माणसाचा भाव ठरवणे हे आपले काम नाही. त्याचे मोल आधीच दिले गेले आहे, आणि ते सर्वांचे सारखेच आहे.